पेटीतला प्रश्न

एस्तेरने पेटीतून चिठ्ठी उचलली, तेव्हा सगुणाबाईंना आतून गुदगुल्या झाल्या. ती त्यांनीच, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहून, आत टाकली होती. बावीस वर्षं चर्चच्या महिला सभेत या पेटीतल्या प्रश्नांना उत्तरं त्याच देत आल्या होत्या. आता नव्या पाळकांची ही कोवळी बायको बोलायची, बाया माना डोलवायच्या आणि बाईंच्या पोटात दुखायचं.

“बायबलात पेत्र म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळा. पौल म्हणतो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. मग खरं कोणाचं?” एस्तेरने वाचलं आणि चिठ्ठीची घडी घातली.

आता बोल की, बाई मनात म्हणाल्या.

“दोघांचंही,” एस्तेर म्हणाली. “इथे आल्याआल्या मी ऐकलं. चर्चच्या पंचांनी बायकांना पुढे उभं राहून वचन वाचायला मनाई केली, तेव्हा सगुणाबाई निमूट खाली बसल्या. पण त्याच पंचांनी वाळीत टाकलेल्या बाळंतिणीला अन्न देऊ नका म्हटल्यावर त्या भरदिवसा, पंचांच्या दारावरून, सव्वा महिना जेवण घेऊन गेल्या.”

बायांनी डोळ्यांना पदर लावले. कोणीतरी बाईंचे हात धरले.

बाईंचा मात्र जळफळाट झाला. माझीच गोष्ट, आणि तीसुद्धा हिनेच सांगावी!