विक्कीची आई

तुळसाबाईचा विक्की राजूरजवळच्या बंद खाणीत साचलेल्या पाण्यात बुडून मेला. नृत्यनाट्यं बसवणाऱ्या अनघाताईंनी तिला नाच शिकवला आणि नव्या नाटकात विक्कीच्या आईचंच काम दिलं. ती विक्कीला हाक मारून कोसळायची आणि सगळं सभागृह रडायचं.

वणीच्या प्रयोगाआधी ती म्हणाली, "ताई, नाचून नाचून मन हलकं झालं माह्यं. काल झोप लागली मले."

ताईंनी तिला जवळ घेतलं. त्या प्रयोगात ती नुसतीच छान नाचली; सभागृहात कुणी रडलं नाही.

पांढरकवड्याच्या प्रयोगात ताईंनी ते काम आपल्या शिष्येला, दिपालीला दिलं. दिपालीनं विक्कीला हाक मारली, तशी पडद्याआड उभी असलेली तुळसाबाई धाडकन कोसळली.

ताईंनी तिला पाणी पाजलं. म्हणाल्या, "उद्यापासून परत तूच कर."