हॉटेल टॉर्पेडोचा पहिला घास

तळलेल्या सुरमईचा तुकडा काशिरामच्या ओठांशी येऊन थांबला. धरणारा हात त्याच्या नातवाचा, कल्पेशचा. कल्पेशच्या दुसऱ्या हातात माइक होता.

"आजोबा, आ करा. सगळे वाट बघतायत."

पंच्याऐंशी वर्षांच्या काशिरामनं ओठ घट्ट मिटून मान फिरवली. मोरा गावचा हा कोळी सदुसष्ट वर्षं मासळीला शिवला नव्हता. कोळीवाडा त्याला भटजी म्हणून चिडवायचा आणि तोही चिडवू द्यायचा. कुणी कारण विचारलंच तर म्हणायचा, "बाधतात." खरं कारण त्यानं एकट्या कल्पेशला सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, इस्पितळात, आता आपण काही वाचत नाही असं वाटलं तेव्हा. आणि कुठं बोलणार नाहीस म्हणून शपथ घातली होती.

त्या शपथेचं हे असं हॉटेल झालं होतं. सुकापूरच्या रस्त्याला, काचेच्या दाराचं, आजच उघडलेलं, बाहेर लाल दिव्यांची पाटी: हॉटेल टॉर्पेडो. आत प्लास्टिकचे नांगर, आणि भिंतभर एक चित्र. चित्रात होडी, होडीत पिळदार दंडाचे दोन जवान, आणि मासे आपण होऊन होडीत उड्या टाकताहेत.

कल्पेशनं माइक तोंडाशी नेला. "सन बेचाळीस. महायुद्ध. आजोबांच्या मालबोटीला पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. आजोबा आणि त्यांचे जिगरी दोस्त दिनानाथ छोट्या होडीत. अकरा दिवस! खायला दाणा नाही. पण दर्याराजानं मासे धाडले. म्हणून आपली स्पेशल अकरा दिवस थाळी!"

टाळ्या पडल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात, हे काशिरामला ठाऊक होतं. त्यातला एक आपण मांडीवर खेळवला, याची त्याला शिसारी आली.

"तू शपथ घेतली व्हतीस," तो पुटपुटला.

कल्पेशनं माइकवर हात धरला. "आजा, वाईट काय सांगलंय मी? घाण सगली काढली. चांगला तेवढाच घेतला."

घाण! दिनानाथ पाचव्या दिवशी गेला. होडीतले बाकीचे म्हणाले, ढकला पाण्यात. काशिरामनं ढकलू दिला नाही. मोऱ्याचा माणूस, किनारा दिसला तर निदान अग्नी तरी मिळेल, म्हणून त्यानं काखेखालून दोर बांधून त्याला होडीमागं सोडला. दुसऱ्या दिवशी होडीभोवती मासळी जमली. का जमली, हे कोळ्याला कुणी सांगावं लागत नाही. बाकीचे घाटावरचे, डोंगरातले. गळ टाकता येणारा तो एकटाच. त्यानं खिळा वाकवून गळ केला. मासे ओढले, वाटले, आणि खाल्ले. नवव्या दिवशी दोर हाताला हलका लागला.

पहिल्या रांगेतून एक बाई उठली. सत्यवती, दिनानाथची मुलगी. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. कल्पेशनं मोऱ्याला गाडी पाठवून तिला आणली होती, गळ्यात हार घालून पुढं बसवली होती. ती चित्रापाशी गेली, दुसऱ्या जवानाच्या पायांना हात लावला, आणि काशिरामसमोर येऊन उभी राहिली.

"काका, आयेला तू सांगलेलास, बोटीसंगं बुडाला. मंग बापूस होडीत व्हता?"

काशिरामनं कल्पेशकडे पाहिलं. कल्पेश मोबाइल धरलेल्या पाहुण्यांकडे बघून हसत होता.

"व्हता," काशिराम म्हणाला.

"आयेनं मरंपर्यंत दर सर्वपित्रीला त्याचा पान वाढला. पन सोता त्या दिवशी जेवायची नाय. म्हनायची, मानूस माजा खाऊन गेला का उपाशी गेला, कोन जाने." तिनं काशिरामचा हात धरला. "उपाशी तर नाय ना गेला तो?"

शेवटच्या दिवशी दिनानाथ स्वतःच्या पट्ट्याचं कातडं चघळत होता. तोंडात थुंकी नव्हती, म्हणून ते गिळवत नव्हतं.

"नाय पोरी," काशिराम म्हणाला. "पोटभर खाल्लान त्यानं."

सत्यवतीचा चेहरा असा खुलला की त्याला तिच्याकडे बघवेना. तिनं पदरानं डोळे पुसले आणि कल्पेशच्या हातातला तुकडा स्वतःच्या हातात घेतला.

"मंग तू का रं खात नाय? घे. त्याच्या लेकीच्या हातचा घास हाय."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. काशिरामनं तोंड उघडलं.

त्यानं चावलं. घशाशी कडू आलं, ते त्यानं तुकड्यासकट खाली दाबलं. अंगाला दरदरून घाम सुटला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. म्हाताऱ्याला गहिवर आला असं समजून मोबाइलवाले आणखी जवळ सरकले. घास पोटात ठरेपर्यंत तो तळहातानं तोंड दाबून बसून राहिला.

"कशी हाय रं, काका?" सत्यवतीनं विचारलं.

कल्पेशनं लगबगीनं माइक पुढं केला. काशिरामनं हात खाली घेतला. तो बोलला सत्यवतीशी, पण बघत होता नातवाच्या डोळ्यांत.

"तशीच हाय," तो म्हणाला. "तवा व्हती तशीच."