सातवं मिनिट

तिसरं मिनिट संपता संपता ईश्वरदास दुसऱ्यांदा बाकावरून उठले.

"हे फुसफुस काऊन, कायले करून राहिली ते?" त्यांनी जिम चालवणाऱ्या हेमेंद्रला विचारलं.

"श्वास सोडून राहिली, काकाजी." हेमेंद्रची नजर मोबाइलवरच्या सेकंदांवर होती. "सोडला नाही तं दहा मिनिटं निघत नाहीत."

समोर त्यांची सून मंजू केटलबेल उचलत होती. बारा किलोचा, वर कडी असलेला लोखंडी गोळा. एका हाताने ती तो दोन्ही पायांमधून मागे झुलवायची आणि एका झटक्यात थेट डोक्यावर न्यायची. वर पोचला की तोंडातून आवाज यायचा, 'हुस्स्'. हात ताठ असतानाच एक जास्तीचा श्वास. मग गोळा खाली येताना पुन्हा 'हुस्स्'.

दहा मिनिटं गोळा जमिनीला टेकवायचा नव्हता. हात एकदाच बदलता येणार होता. दीडशे वेळा तो वर गेला, तर राज्य स्पर्धेसाठी तिचं नाव नागपूरला जाणार होतं. आणि नाव गेलं तरी तिला जाऊ द्यायचं की नाही, हे ईश्वरदास ठरवणार होते. "आधी पाहतो, मंग सांगतो," असं ते घरी म्हणाले होते. म्हणूनच आज सकाळी तिला मोटारसायकलवर मागे बसवून ते तालुक्याच्या गावी, गोरेगावला आले होते.

त्यात आठवडी बाजाराचा दिवस. हवा यावी म्हणून जिमचं अरुंद शटर पूर्ण वर होतं. पिशव्या घेऊन जाणारे लोक थबकत, आत डोकावत. लुगड्यातल्या बाया पाहायच्या आणि पुढे व्हायच्या. दोन माणसं मात्र दारातच उभी राहिली. त्यातल्या एकाने ओठ गोल करून 'हुस्स्' केलं. दुसरा हसला.

ईश्वरदास बसले. गाडीची किल्ली बोटात फिरवली. पुन्हा उठले. त्यांचे कान तापले होते.

"मंजू," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आवाज जरा कमी कर. लोक आयकून राहिले."

मंजूने ओठ मिटले.

गोळा वर गेला, खाली आला. आवाज नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. पाचव्या मिनिटाला तिने हात बदलला तेव्हा तिची मान लाल झाली होती. छातीत श्वास साचत चालला होता. नाकातून थोडा थोडा निघत होता, पण बारा किलो वर फेकताना तेवढ्याने भागत नव्हतं. बाहेर भाजीवाल्यांचा गलका चालू होता. आत फक्त गोळा मनगटावर आदळल्याचा आवाज येत होता.

"एकशे दोन. श्वास दाबू नको!" हेमेंद्र ओरडला. "तोंड उघड!"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ओठ उघडले नाहीत.

सातव्या मिनिटाला गोळा डोक्यावर गेला आणि तिथेच थांबला. शटर, बाक, दारातली माणसं, सगळंच पांढुरकं दिसू लागलं. घामाने कडी बोटांतून सरकत होती.

"ठेव खाली, मंजू," हेमेंद्र जवळ आला. "चक्कर येईन. पुढच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष. तिने मान हलवली. नाही.

तेवढ्यात चपला वाजल्या. ईश्वरदास दाराकडे निघाले होते. झालं, तिला वाटलं. आता गाडी सुरू करतील, हाक मारतील, आणि आपण ओढणी घेऊन मागे बसू.

ईश्वरदास दारात थांबले.

"काय पाहून राहिले?" ते त्या दोघांना म्हणाले. "बजार तिकडं आहे."

दोघं जरा मागे सरकले. ईश्वरदासांनी एक हात शटरच्या या बाजूला टेकवला, दुसरा त्या बाजूला, आणि दार अडवून उभे राहिले. तोंड रस्त्याकडे, पाठ आत.

"सोड श्वास," ते मागे न वळता म्हणाले. "मी आहो इथं."

मंजूचं तोंड उघडलं. जो आवाज निघाला त्याने ती स्वतःच दचकली. गोळा खाली आला, मागे गेला, वर गेला. 'हुस्स्'. वर थांबून आणखी एक. पुन्हा खाली. रस्त्यावर कोणीतरी काहीतरी बोललं. ईश्वरदास हलले नाहीत. हेमेंद्र मोठ्याने मोजू लागला, आणि तिचा आवाज त्याच्या आकड्यांच्याही वर जात होता.

दहा मिनिटं झाली.

"एकशे सत्तेचाळीस," हेमेंद्र म्हणाला. मोबाइल खिशात टाकत तो जमिनीकडे पाहत राहिला. "तीन कमी पडले."

मंजू गुडघ्यांवर हात टेकून वाकली. श्वास करवतीसारखा येत होता, जात होता. तिला रडायचं होतं, पण त्यालाही दम लागतो.

"नावं कधी पाठवाची आहेत?" दारातून ईश्वरदासांनी विचारलं.

"शनिवारी, काकाजी."

"मंग शुक्रवारी आणखी एकदा मोजा. मी आणतो तिले."

हेमेंद्रने मान डोलावली. पाण्याची बाटली मंजूजवळ ठेवून तो मागच्या खोलीत गेला. ईश्वरदास अजून रस्त्याकडेच पाहत होते. किल्ली पुन्हा बोटात फिरू लागली होती.

"सात वर्षं झाली तुले आमच्या घरी येऊन," ते म्हणाले.

"हो, मामाजी."

"घरात तू आहे का नाही, तेबी समजत नाही. आवाजच येत नाही तुहा."

मंजूने पाण्याची बाटली उचलली. किल्ली फिरायची थांबली. मग पहिल्यांदाच ते वळले आणि त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"काऊन?"