पायलीभर कणीक

नरसिंगतात्यांनी माळ घातली, मासे खाणं सोडलं, पण दर ऐतवारी दोस्तांसंगं सिद्धेश्वर धरणावर जाणं सुटलं नाही. ते दोरीला गळ न बांधता नुसताच कणकेचा गोळा पाण्यात सोडायचे. तकलीफ एकच: दोस्त बाभळीखाली माशाचं कालवण भुरकायचे आणि तात्या लांब एकटेच चटणीभाकर खायचे. आज त्यांनी गुपचूप पायलीभर कणीक मळून आणली. धरणातली झाडून सगळी मासळी त्यांच्यापुढं पंगतीला बसली. एकीचा ढेकर तर तात्यांनी स्वतः ऐकला. दोस्तांच्या गळाला दुपारपर्यंत शेवाळसुद्धा लागलं नाही. “मासे काहून शिवून न्हाई राहिले?” शेषराव करवादला. “एकादशी असंल,” तात्या म्हणाले. शेवटी मसाला वाया नको म्हणून नुसताच रस्सा उकळला. “आज आमच्यातच बस, लेका,” शेषराव म्हणाला. तात्या मधोमध बसले. पहिल्याच भुरक्याला त्यांनी ठरवलं: पुढच्या ऐतवारी दोन पायल्या.