आपोआप सुटणारा बाण

कर्णिक सरांनी हेमांगीच्या मनगटावर रुपयाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती चिकटवली. "तू मनात आणण्याआधीच बोटं उघडायला लागली, तर ही त्यांना थोपवेल."

जपानी धनुर्विद्येत याच खोडीनं तिला रडवलं होतं. धनुष्य पुरतं ताणायच्या आतच बाण निसटायचा. स्पर्धा तर तिनं सोडूनच दिल्या होत्या.

आज तिनं दोरी थेट कानामागे ओढली. बोटं थरथरली, पण उघडली नाहीत. लक्ष्य इतकं निवांत तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला हसू फुटलं.

"हेमांगी, सोड आता!" सर ओरडले.

"थांबा ना सर, किती छान वाटतंय!"

अखेर तिनं बाण सोडला. तो लक्ष्याशेजारच्या वाळूत रुतला.

"चुकला," सर म्हणाले.

"हो, पण या वेळी मी चुकवला!" म्हणत तिनं उडीच मारली.