रेकॉर्डची दुसरी बाजू

सुई रेकॉर्डवर टेकायच्या आत बेव्हर्लीनं कानामागचं यंत्र हातानं झाकून घेतलं.

"हात काढ," शेजारी बसलेली लोरेन म्हणाली. तोंड तिच्याकडे वळवून, सावकाश, आताशा सगळेच तिच्याशी बोलायचे तसं. "एवढी लिपस्टिक लावून आलीस, ती काय कान झाकून बसायला?"

"थांब गं जरा."

शेफील्डच्या त्या जुन्या पबच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसले होते. सगळे साठीच्या आसपासचे. दर नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी ही मंडळी इथं जमायची आणि 'कॉपर वेदर'चा पहिला अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. याच गावातली चार पोरं होती ती. इस्त्रीच्या टेबलांवर सिंथेसायझर मांडून वाजवायची. त्यांच्यापायी इथल्या प्रत्येकानं सोळाव्या वर्षी केस एका डोळ्यावर ओढून घेतले होते आणि आईची बोलणी खाल्ली होती. बँडनं पुढंही अल्बम काढले. त्या अल्बमांचं नाव इथं कुणी घेत नसे.

बेव्हर्ली चार वर्षं आली नव्हती. आधी एक कान गेला, मग दुसरा. या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलं आणि माणसांचं बोलणं हळूहळू परत आलं. गाणं काही आलं नाही. नातीच्या बाप्तिस्म्याला चर्चमधला ऑर्गन तिला पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा ऐकू आला. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून माळ्यावर टाकला.

एक अल्बम मात्र तिच्याजवळ शाबूत होता. भांडी घासताना, झोप येत नसताना तो डोक्यात आपोआप सुरू व्हायचा, अगदी जसाच्या तसा. आज तो ऐकला आणि त्याचेही खडे झाले, तर डोक्यातलाही जाईल. ही भीती तिनं कुणालाच सांगितली नव्हती, लोरेनलासुद्धा.

तरी आली होती. तिनं हात खाली घेतला.

आधी नुसती खरखर. मग ठोका. ड्रम-मशीननं दिलेला, कोरडा, एकसारखा ठोका, आणि तो होता तसाच होता. बेव्हर्लीचा पाय हलायला लागला. त्यावर एका बोटानं वाजवता येईल अशी ती धून आली. थोडी वाकडी, जवळजवळचे सूर एकमेकांना चिकटलेले. पण ओळख पटली. मग गाणारा सुरू झाला आणि तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" लोरेननं विचारलं.

"यंत्र बोलल्यासारखा वाटतोय गं. जीवच नाही आवाजात."

"अगं बाई, तो तेव्हाही असाच गायचा! माझा बाप म्हणायचा, या पोराला कुणी चावी देऊन सोडलंय का? म्हणून तर मरत होतो आपण त्याच्यावर."

बेव्हर्ली हसली, ती इतक्या मोठ्यानं की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. आपण किती मोठ्यानं हसतो याचा अंदाज तिला आता राहिला नव्हता. वळलेल्यांतल्या एकानं आपला बिअरचा ग्लास तिच्याकडे पाहून उंचावला.

रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं संथ होतं. त्यात ठोका नव्हताच; नुसते लांब सूर आणि त्यांच्यात विरत जाणारा आवाज. याच गाण्यावर ती आणि लोरेन बसच्या वरच्या मजल्यावर मागच्या बाकावर बसून रडल्या होत्या. कशासाठी, ते आता दोघींनाही आठवत नव्हतं. बेव्हर्लीनं जीव एकवटून कान दिला. डब्यातले खडे. बाकी काही नाही.

ती उठली, खुर्ची फिरवली आणि रेकॉर्डकडे पाठ करून माणसांकडे तोंड करून बसली.

सगळे गात होते, ओठातल्या ओठात. ऐकू येत नव्हतं त्या वर्षांत ती ओठ वाचायला शिकली होती. टक्कल पडलेल्या, चष्मे लावलेल्या, गाल ओघळलेल्या त्या सगळ्या तोंडांवर एका वेळी एकच ओळ होती. शब्द समोर दिसायला लागले आणि त्यांच्या मागोमाग धून तिच्या आत सुरू झाली. स्वच्छ. धून कुठंच बिघडली नव्हती.

तेवढ्यात तिला दाराशी नवरा दिसला.

क्लाइव्ह गिटारवाल्या बँडांचा भक्त. घरात ही रेकॉर्ड लागली की "झाली तुझ्या किटलीची शिट्टी सुरू" म्हणून तो बागेत निघून जायचा. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. आज तिला गाडीनं सोडून तो खाली बारमध्ये बसला होता. उशीर झाला म्हणून बोलवायला वर आला असावा. तिचा कोट हातावर घेऊन भिंतीला टेकून उभा होता. नजर जमिनीकडे. आणि त्याचे ओठ हलत होते. एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं. त्याचा एकही शब्द चुकत नव्हता.

लोरेननंही वळून पाहिलं. आधी तिनं आ वासला, मग त्याला हाक मारायला हात वर केला.

बेव्हर्लीनं तो हात धरून खाली घेतला.

"नको," ती म्हणाली. "गायचा थांबेल तो."