नळ कुणी बंद केला

नळ सोडला, तर त्यातून नुसती हवा फुसफुसली. मेव्लुदेने तो पुरता फिरवला, खालच्या पाइपवर थाप मारून पाहिली आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "गोठला! नळ कुणी बंद केला?"

तिचा नवरा बहात्तिन शेगडीजवळ चहा घेत बसला होता. दातांत धरलेला साखरेचा खडा तसाच राहिला.

तुर्कस्तानातल्या एर्झुरुममध्ये जानेवारीत रात्रभर नळ सुतळीएवढा सोडून ठेवतात. काल संध्याकाळी त्यानेच नव्या सुनेला बोट नाचवून बजावलं होतं, "तुमच्या मर्सिनला संत्री पिकतात, पोरी. इथे थंडी पिकते. धार तुटली की संपलं." आणि पहाटे नमाजासाठी हातपाय-तोंड धुऊन वजू करून झाल्यावर, हाताला असलेल्या सवयीने, त्यानेच नळ घट्ट पिळला होता. हे त्याला आत्ता आठवलं.

"तूच असणार," मेव्लुदे सुनेला म्हणाली. "रात्री पाणी प्यायला कोण उठलं होतं?"

"मी उठले होते, आई," नेस्लिहान म्हणाली. "पण धार चालू होती. नंतर पहाटे..."

ती थांबली. तिने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर चहाच्या ग्लासात होती.

"पाणी तापवते मी," ती म्हणाली.

आता बोलायचं, असं बहात्तिनने ठरवलं. पण मेव्लुदे इतकी तावातावाने बोलत होती की मध्ये शिरायला फट सापडेना. चहा संपला की सांगू. मग चहा संपला.

नेस्लिहानने अंगणातून दोन बादल्या बर्फ भरून आणला आणि शेगडीवर वितळायला ठेवला. पाणी उकळलं तशी ती नळाखाली गुडघ्यांवर बसली. फडकं पाण्यात बुडवायचं, पिळायचं, पाइपला गुंडाळायचं. ते गार झालं की पुन्हा. बहात्तिन उठून दारापर्यंत गेला.

"दे इकडे, मी करतो."

"तुम्ही बसा," मेव्लुदे म्हणाली. "आधीच गुडघे धड नाहीत. जिने केलं ती निस्तरेल."

तो परत येऊन बसला.

शेजारची फेरिदे पाण्याचा डबा घेऊन आली, तेव्हा मेव्लुदेने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"समुद्रकाठची पोर," फेरिदे हसली. "वाटलं असेल, पाणी उगाच वाया चाललंय."

"काल रात्रीच ह्यांनी समजावलं होतं गं! कानावरून गेलं, दुसरं काय. पाइप फुटला तर आख्खी भिंत फोडावी लागेल." मेव्लुदेने मुलाला लावायला फोन उचलला. "यावुझलाच सांगते. ये म्हणावं इस्तंबूलहून आणि हिला वसंतापर्यंत तिच्या आईकडे नेऊन सोड. आपल्याच्यानं नाही व्हायचं."

नळाखाली फडकं पिळायचा आवाज थांबला.

"नळ मी बंद केला," बहात्तिन म्हणाला.

दोघी बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. मग फेरिदेने छातीवर हात ठेवला.

"बघितलंस मेव्लुदे? सासरा असावा तर असा!"

"अगं खरंच मीच. पहाटे वजू केल्यावर..."

"पुरे हो," मेव्लुदे म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुम्ही आणि नळ बंद कराल? चाळीस वर्षं संसार केलाय मी तुमच्याशी. घाला, घाला सुनेला पाठीशी." तिने फोन खाली ठेवला. "नाही करत फोन. तुमच्या शब्दाखातर."

"मेव्लुदे, ऐकून तरी घे..."

तेवढ्यात पाइपात गुरगुर झाली. नळाने दोनदा तांबूस पाणी थुंकलं आणि मग धार लागली. फेरिदेने टाळी वाजवली. नेस्लिहान फडकं हातात घेऊन उभी राहिली. तिचे गुडघे ओले झाले होते.

"इकडे ये," मेव्लुदे तिला म्हणाली. "नशीबवान आहेस. सख्खा बाप करणार नाही एवढं केलं त्यांनी. हाताचं चुंबन घे त्यांच्या."

नेस्लिहान येऊन वाकली. तिने त्याचा हात धरला, ओठांना लावला, कपाळाला टेकवला. तिची बोटं उकळत्या पाण्याने सोलवटून लाल झाली होती. तिने मान वर केली नाही.

बहात्तिनने हात हिसडून मागे घेतला.

"आणि वर नम्रपणा बघा," फेरिदे म्हणाली. "अशी माणसं आता राहिली नाहीत."